एक मिली, दोन वेळा

माझ्या डोक्यावर टक्कल पडलं आहे ही बातमी मला मुलीच्या भूगोलाच्या वहीतून कळली.

शाळेत त्यांना नकाशा शिकवत होते. नकाशा म्हणजे वरून दिसणारं चित्र, हे मुलांना नीट कळावं म्हणून बाईंनी गृहपाठ दिला: घरातली माणसं वरून कशी दिसतात ते काढा. आमच्या कन्येनं, वय वर्षं नऊ, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून आम्हा दोघांचा अभ्यास केला आणि तीन वर्तुळं काढली. एक काळं, मागे अंबाड्याचा गोळा असलेलं: आई. एक काळं, दोन वेण्या असलेलं: ती स्वतः. तिसरं काठाकाठानं काळं आणि मध्ये कोरं.

"हे अर्धंच रंगवलंस का गं?" मी विचारलं.

"नाही बाबा, झालंय पूर्ण."

खाली बाईंनी लाल शाईत शेरा दिला होता, 'निरीक्षण उत्तम.'

माणसाला स्वतःचा माथा बघायचा असेल तर दोन आरसे, एक लवचीक मान आणि बरीच हिंमत लागते. पहिली वस्तू घरात होती. मी न्हाणीघराचं दार लावून बायकोचा हातातला आरसा डोक्यामागे धरला, आणि पहिल्यांदा नुसता माझा कान दिसला, मग छताचा पोपडा, आणि मग एकदम ते. बशीएवढं. मध्यभागी चार केस, परगावी चुकामूक झालेल्या माणसांसारखे एकमेकांकडे बघत उभे. मी बाहेर आलो तेव्हा बायको भाजी निवडत होती.

"हे कधीपासून आहे?"

"काय?"

मी मान खाली करून दाखवलं.

"झाली असतील दोन-तीन वर्षं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगून काय उगवणार होते?" ती म्हणाली, आणि निवडलेल्या देठांचा कागद गुंडाळून उठली.

आता माझी नोकरी अशी, की मी पाणीपुरवठा खात्यात मीटरच्या तक्रारींचा हेडक्लार्क आहे. लोक येतात, म्हणतात इतकं पाणी आम्ही वापरलंच नाही. आणि मी त्यांना गेली एकवीस वर्षं सांगतो, की तुम्हाला काय वाटतं याला महत्त्व नाही, मीटर काय दाखवतो याला आहे. त्यामुळे वहीतलं ते वर्तुळ नाकारायची मला सोय नव्हती. मी रविवारी सकाळी न्हाव्याकडे गेलो. अकरा वर्षं एकच न्हावी, एकच खुर्ची. मी थोड्या कडक आवाजात विचारलं, की तुला हे इतकी वर्षं दिसत होतं की नाही?

त्यानं माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. "साहेब, खरं सांगू? मी तिथं नुसती कात्री वाजवतो. तीनेक वर्षं झाली. आवाज आला की गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

त्या दिवशी त्यानं कात्री वाजवली तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं.

मी घरापासून लांबचा, दोन बस बदलून जावं लागेल असा त्वचारोगाचा दवाखाना शोधून काढला. हेतू एवढाच, की ओळखीचं कोणी भेटू नये. डॉक्टरीणबाई तिशीच्या होत्या आणि त्यांची वेणी खुर्चीच्या पाठीवरून खाली उतरून थेट ड्रॉवरपर्यंत गेली होती. भुकेल्या माणसासमोर जेवू नये एवढी तरी रीत पाळायला हवी असं मला वाटलं, पण बोललो नाही. त्यांनी भिंगातून माझं डोकं बघितलं, 'हं' म्हणाल्या, आणि बाटली लिहून दिली.

"ड्रॉपरनं एक मिली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. डोकं कोरडं हवं. लावल्यावर हात धुवायचे, आणि वाळेपर्यंत आडवं व्हायचं नाही. चेहऱ्यावर ओघळू द्यायचं नाही."

"किती दिवसांत फरक पडेल?"

"चार-सहा महिने. सुरुवातीला थोडे जास्त गळतील, घाबरू नका."

"गळतील?" मी म्हणालो. "मी गळू नयेत म्हणून आलोय."

"जुने जाऊन नवे येतात."

"आणि आल्यावर औषध थांबवलं की?"

"थांबवलं की आलेले जातात," त्या शांतपणे म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

एवढी गुप्तता पाळून मी घराजवळच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली, ही माझी घोडचूक. दुकानदाराला कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळ्या जगाला कमी ऐकू येतं असा त्याचा समज आहे. "टकलाचं ना?" तो आतून ओरडला. "मोठी बाटली देऊ? छोटी तुम्हाला पुरायची नाही." रांगेत माझ्यामागे आमच्या इमारतीतले मोजणीकाका खोकल्याची गोळी घ्यायला उभे होते. हे निवृत्त मोजणीदार. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या हद्दी ठरवण्यात गेली आणि आता ठरवायला काही उरलेलं नाही. त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. एखाद्या पडीक जागेकडे बिल्डर बघतो ना, तसं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिन्ही मजल्यांवर माझं डोकं पोचलं होतं. समोरच्या घरातल्या आजींनी वाटीभर कांद्याचा रस पाठवला आणि तो आटायच्या आत लावा असा निरोप दिला. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक म्हणाले, रक्त वर चढत नाही हा मूळ दोष आहे, तुम्ही भिंतीला पाय लावून उलटे उभे राहत जा. डॉक्टरांनी आडवं व्हायला मनाई केलेली. उलटं होण्याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. मी राहिलो. सकाळचं औषध ओलं असताना राहिलो, त्यामुळे ते माथ्यावरून निघालं आणि न थांबता गालिच्यात गेलं. आता माझ्या डोक्यावर केस येवोत न येवोत, गालिच्याला आले तर मला आश्चर्य वाटणार नाही. कांद्याचा रस मात्र एकदाच लावला. कचेरीत माझ्या शेजारचा टायपिस्ट अकरा वाजेपर्यंत काही बोलला नाही. मग त्यानं टेबल उचललं आणि खिडकीपाशी नेऊन ठेवलं. खुर्ची न्यायला परत आला तेव्हा म्हणाला, "तुमच्यावर राग नाही हं."

मोजणीकाका रविवारी बरोबर दहाला आले. सोबत कर्कटक, पारदर्शक कागद, आखलेली वही.

"उपाय करायचा तर आधी मोजणी हवी," ते म्हणाले. "नाहीतर वाढलं का घटलं कळणार कसं? बसा स्टुलावर."

मी सुशिक्षित माणूस आहे. मला नाही म्हणता आलं असतं. पण त्यांचं म्हणणं बिनतोड होतं, आणि मीटरच्या खात्यात नोकरी करून मोजणीला विरोध करणं मला तत्त्वात बसेना. मी बसलो. त्यांनी भोवऱ्याचा मध्य धरला, कागद ठेवून पेन्सिलीनं काठ काढला, आणि वहीत चतुःसीमा लिहिली: पूर्वेस उजवा कान, पश्चिमेस डावा कान, दक्षिणेस मान, उत्तरेस कपाळ. "एकूण क्षेत्र अठ्ठेचाळीस चौरस सेंटिमीटर," ते मोठ्यानं म्हणाले. दार उघडंच होतं. जिन्यातून प्राध्यापकांनी 'वा' म्हटलेलं मी स्वतः ऐकलं.

दुसऱ्या रविवारी पन्नास. तिसऱ्या रविवारी पंचावन्न. चौथ्या रविवारी काकांनी दोनदा मोजलं आणि चष्मा काढला.

"एकसष्ट. उत्तरेकडून अतिक्रमण होतंय."

"डॉक्टर म्हणाल्या होत्या, आधी गळतील."

"म्हणोत," काका म्हणाले. त्यांचा आवाज आजाऱ्याच्या उशाशी असतो तसा झाला होता. "मी आपलं जे आहे ते लिहिणार. सही करा खाली."

मी सही केली. गळत होते हे खरंच. उशीवर, खांद्यावर, डाळीत, फायलीत. मी उशीवरचे केस मोजायला लागलो होतो. त्र्याऐंशीचा आकडा आला त्या सकाळी मी चहा घेतला नाही. त्याच आठवड्यात न्हाणीघरात पाणी तुंबलं. प्लंबरनं जाळी काढून आत तार घातली आणि एक काळाभोर ओला गोळा बाहेर ओढला, मांजराच्या पिल्लाएवढा.

"केस आहेत," तो म्हणाला.

"माझे," मी म्हणालो. दुःखात एक प्रकारची मालकी असते.

प्लंबरनं गोळा उचलून उजेडात धरला, त्यातला एक केस ओढून लांबवला, हातभर झाला, आणि माझ्या डोक्याकडे बघितलं. बायको दारात उभी होती, ती म्हणाली, "टाकून द्या ना ते, दाखवताय काय," आणि आत निघून गेली. तिला किळस आली असेल असं मला वाटलं. मी माझ्या त्र्याऐंशीत इतका बुडालो होतो की हातभर लांब केस माझा असू शकत नाही, हे गणित मला सुटलं नाही.

सहाव्या आठवड्यात मी न्हाव्यापुढे हाय खाल्ली. त्याला दया आली. त्यानं कपाटातून मिठाच्या डबीसारखी एक डबी काढली. आत काळी भुकटी. बारीक तंतूंची असते. टकलावर भुरभुरायची, ती उरलेल्या केसांना चिकटते आणि लांबून डोकं भरलेलं दिसतं. "औषधाचा गुण येईपर्यंत," तो म्हणाला. "मोठमोठे लोक लावतात. फक्त घाम नको, पाऊस नको आणि वारा नको." म्हणजे फक्त आयुष्य नको. पण डबीच्या दहा झटक्यांनंतर त्यानं आरसा मागे धरला आणि मला दहा वर्षांपूर्वीचा मी दिसला. मी त्याला पुढूनही थोडी मारायला सांगितली. कपाळावर हद्द दोन बोटं खाली आणली. लोभ वाईट.

दुसऱ्या दिवशी कचेरीत हजेरीच्या यंत्रापुढे उभा राहिलो. हे नवीन यंत्र चेहरा बघून हजेरी लावतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, विचार केला, आणि सांगितलं, 'ओळख पटली नाही.' मी चष्मा काढला. 'ओळख पटली नाही.' मी हसलो. एकवीस वर्षं नोकरी केलेला माणूस भिंतीवरच्या डबीकडे बघून हसतोय हे मागच्या रांगेनं बघितलं. यंत्र हसलं नाही. तीन दिवस मी कचेरीत पूर्णवेळ काम करून गैरहजर होतो.

तुम्ही म्हणाल, भुकटी न लावता जायचं. पण एकदा भरल्या डोक्यानं गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी रिकाम्या डोक्यानं जाऊ शकत नाही. टायपिस्ट म्हणाला होता, "साहेब, औषध लागू पडलं की." आणि टेबल परत जागेवर आणलं होतं.

चौथ्या दिवशी आस्थापना शाखेत गेलो. तिथल्या बाई आणि मी एकाच वर्षी नोकरीला लागलो, एकाच टेबलावर डबे खाल्ले.

"यंत्र मला ओळखत नाही," मी म्हणालो.

"अर्ज करा," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुम्हीच आहात याचा."

"तुम्ही ओळखता ना मला?"

"मी ओळखून काय उपयोग? मी यंत्र आहे का?" त्यांनी एक छापील फॉर्म दिला. 'चेहऱ्यात बदल होण्याचे कारण: विवाह, अपघात, शस्त्रक्रिया, इतर.' विवाहानं चेहरा बदलतो हे ज्यानं कोणी लिहिलं तो अनुभवी माणूस असला पाहिजे. मी 'इतर' पुढे 'केस' लिहिलं. बाईंनी फॉर्म परत केला. "वाढ की घट ते नमूद करा." मी 'वाढ' लिहिलं. त्या बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिल्या. "कायमस्वरूपी की तात्पुरती?"

मी पेन खाली ठेवलं. असल्या प्रश्नाला खरं उत्तर देण्याइतका धीर कोणाला असतो? मी 'प्रयत्न चालू' असं लिहिलं.

अर्ज योग्य मार्गानं जायचा, म्हणजे आमच्या साहेबांच्या सहीनं. आणि इथेच खरी अडचण होती. आमचे साहेब टोप घालतात. हे सगळ्या खात्याला माहीत आहे आणि आजवर कोणीही, निवृत्तीच्या भाषणातसुद्धा, त्याचा उच्चार केलेला नाही. त्यांच्यासमोर 'केस' हा शब्द आम्ही कोर्टाच्या अर्थानंही वापरत नाही, 'प्रकरण' म्हणतो. आता माझा अर्ज त्यांच्या टेबलावर जाणार, विषय: केसांमुळे ओळख न पटणेबाबत. हा माणूस आपल्याला टोमणा मारतोय असं त्यांना वाटलं तर माझी बदली पंपहाउसवर.

शिपायानं बोलावलं. मी आत गेलो. साहेबांच्या हातात अर्ज होता. डोक्यावर पंखा फिरत होता, आणि समोर काचेचं भलंमोठं टेबल.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

मी पुढे वाकून समजवायला लागलो. वाक्याच्या मध्यावर मला दिसलं की काचेवर काहीतरी पडतंय. काळं, बारीक, संथ. अर्जावर पडलं. साहेबांच्या पांढऱ्या बाहीवर पडलं. मी बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर शांततेत ते जास्त दिसलं असतं. माझी दहा वर्षं साहेबांच्या चहाच्या कपात पडत होती.

साहेब उठले. भिंतीपाशी गेले, पंखा बंद केला. खिडकी लावली. दार आतून लोटलं. मग ड्रॉवरमधून फडकं काढून त्यांनी काच पुसली, बाही झटकली, आणि खुर्चीत बसून माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोलीत शिरताना आधी पंखा कुठे आहे ते बघायचं. मग खिडकी. मग खुर्ची निवडायची. मी बावीस वर्षं बघतोय."

मी मान वर करून थांबलेल्या पंख्याकडे बघितलं.

"पुतण्याच्या लग्नाला गेलो नव्हतो मी," ते म्हणाले. "मंडप उघड्या मैदानात होता." त्यांनी अर्जावर सही केली, मला परत दिला आणि चहाचा कप बाजूला सारला. "डबी वापरू नका. यंत्राला आहे तसं तोंड दाखवा, ते सवय करून घेतं. माणसांचं तेवढं सोपं नसतं."

मी घरी जाऊन डोकं धुतलं. मोरीत काळं पाणी गेलं. दुसऱ्या दिवशी यंत्रानं मला बघताक्षणी ओळखलं, आणि टायपिस्टनंही. तो "असू द्या" म्हणाला. हे 'असू द्या' मी अजून विसरलो नाही.

इकडे बाटली रोज दोन वेळा चालूच होती. तिसरा महिना संपत आला होता. आणि एका सकाळी नाश्त्याला कन्या आईकडे निरखून बघत म्हणाली, "आई, तुझ्या गालावर बारीक बारीक केस आलेत. इथे, कानापाशी."

बायकोचा हात झटकन गालावर गेला. ती उठून आरशापाशी गेली आणि बराच वेळ आली नाही. मी पोळी हातात धरून बसलो. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, अर्थात तेवढी मोकळी जागा होतीच. औषध वाळेपर्यंत आडवं व्हायचं नाही. आणि मी कित्येक संध्याकाळी ओल्या डोक्यानं तिच्या उशीवर पडून पेपर वाचला होता, कारण दिवा तिच्या बाजूला आहे. माझ्या माथ्यावर एक केस आला नव्हता, आणि जिथे नको तिथे, जिला नको तिला, माझं औषध लागू पडलं होतं.

तीन दिवस ती फारशी बोलली नाही. बाहेर जाताना गालावरून रुमाल धरायची. चौथ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, दोन बस बदलल्या आणि त्या दवाखान्यात गेलो. तिला दाखवण्यासाठी वेळ ठरवावी, आणि तिच्याआधी आपण डॉक्टरांची बोलणी खावीत, असा माझा बेत. काउंटरवरच्या मुलीला मी बायकोचं नाव आणि पत्ता सांगितला. तिनं कॉम्प्युटरवर टाकलं.

"नवीन पेशंट नाही या," ती म्हणाली. "फाइल आहे की त्यांची."

"दुसरं कोणी असेल."

"पत्ता हाच आहे. गेल्या वर्षी, त्याच्या आधीच्या... दीड वर्ष झालं. दर दोन महिन्यांनी येतात." तिनं माझ्याकडे बघितलं. "केसांसाठीच. तुम्हाला माहीत असेल ना?"

"हो, हो," मी म्हणालो.

मी डॉक्टरांना न भेटताच बाहेर आलो आणि बसस्टॉपवर बसलो. दोन बस सोडल्या. दीड वर्ष. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मी शोधलेला दवाखाना तिनंही त्याचसाठी शोधला होता. आणि मी आठवायला लागलो, की ती केस मधोमध भांग पाडून बांधायची ते सोडून सगळे मागे फिरवून बांधायला कधीपासून लागली. आठवेना. न्हाणीघरातला गोळा आठवला. "टाकून द्या ना ते," म्हणाली होती. तिचा आवाजही आता आठवला. तो किळसेचा नव्हता. तीन महिने माझं डोकं इमारतीच्या जिन्यात, कचेरीच्या अर्जात, काकांच्या वहीत सगळीकडे गाजत होतं. मी त्याचं दुःख अख्ख्या घराला दोन वेळा वाढत होतो. आणि त्याच घरात एक माणूस तीच बाटली लपवून वापरत होतं.

घरी आलो तेव्हा ती गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मी दुसऱ्या टोकानं चादर धरली. आम्ही ती दोघांनी मिळून घडी केली.

"दवाखान्यात गेलो होतो," मी म्हणालो. "तुझ्यासाठी वेळ घ्यायला."

तिचे हात थांबले. मग तिनं चादरीची शेवटची घडी घातली.

"कळलं तर," ती म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मला दिसलं नाही गं."

"तेच."

हे 'तेच' ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती उशांचे अभ्रे जोडीनं लावत होती.

"तुमचं गेलं तर काका मोजायला येतात," ती म्हणाली. "आजी रस पाठवतात. चारचौघं हसतात, तुम्हीही हसता, संपलं. बाईच्या डोक्यावरचे गेले तर कोणी हसत नाही. बघतात, आणि न बघितल्यासारखं करतात. माझ्या धाकट्या बहिणीनं तसं केलं, तेव्हा मी दवाखाना शोधला."

"आणि गालाचं? ते माझ्यामुळेच ना?"

"माझंही ओघळतं कधी कधी. आरशात नीट दिसत नाही मागचं. अंदाजानं लावते." तिनं एक अभ्रा झटकला. "दोघांचं मिळून झालं असेल."

मला माफी मागायची होती, पण कशाकशाची मागायची याची यादी मनात होईपर्यंत तिनं कपड्यांचा ढीग उचलला होता. मी म्हणालो, "बाटली आण. मी लावतो."

"काही नको."

"आण तर."

तिनं शिवणाच्या डब्याच्या तळातून, बटणांच्या खालून बाटली काढली. गॅलरीत स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि बराच वेळ क्लिप काढली नाही. मी घाई केली नाही. मग तिनं क्लिप काढली आणि केस मोकळे सोडले. मी कंगव्याच्या टोकानं मधोमध भांग पाडला.

मला वाटलं होतं तसं ते नव्हतं. रेघ नव्हती, पायवाट होती. कपाळापासून मागे जाताना रुंद होत गेलेली, आणि दोन्ही बाजूंचे केस इतके विरळ की खालची पांढरी कातडी उन्हात दिसत होती. एकोणीस वर्षांत मी ही जागा कधी बघितली नव्हती. माझ्याकडून ड्रॉपर जास्त दाबला गेला आणि पहिला थेंब तिच्या कपाळावर गेला. तिनं तो लगेच पुसला.

"किती आहे?" तिनं विचारलं. "खरं सांगा."

एकवीस वर्षं मी लोकांना मीटर वाचून दाखवत आलोय. त्या क्षणी मला तो आकडा सांगवेना. पण तिनं मान वळवली नव्हती, वाट बघत होती, आणि तिला आजवर खरं सांगणारं कोणी मिळालं नव्हतं.

"रुंदीला बोटभर," मी म्हणालो. "मागे थोडं जास्त."

तिनं आपली दोन बोटं जुळवून बघितली. मग म्हणाली, "मला दोन बोटं वाटलं होतं."

तेव्हापासून आम्ही बरोबरच लावतो. डॉक्टरीणबाईंकडेही दोघं मिळून जातो. त्या भिंगातून आळीपाळीनं बघतात आणि 'आहे ते टिकलंय' म्हणतात. नऊ महिने झाले. माझ्या माथ्यावर पिसासारखी मऊ लव आली आहे, जी फक्त डॉक्टरीणबाईंना दिसते. तिच्या भांगात काही फरक नाही. गालावरची लव गेली, कारण आता मी ड्रॉपर बेतानं दाबतो आणि दोघांच्या उशा वेगळ्या आहेत. मोजणीकाकांना मी हात जोडून बंद केलं. त्यांना वाईट वाटलं, वहीत अजून बरीच पानं कोरी होती.

रोज संध्याकाळी साडेसहाला गॅलरीत आम्ही दोन स्टुलं ठेवतो. औषध वाळेपर्यंत आडवं होता येत नाही, स्वयंपाकाच्या वाफेत जाता येत नाही, डोक्याला काही लावता येत नाही. मग बसून राहतो. काल तिचं लावून झालं, मी हात पुसत होतो, तेव्हा तिनं समोर बघत विचारलं, "समजा, आलेच नाहीत तर?"

"तर लावत राहायचं."

"आणि आले तर?"

"तरी लावत राहायचं."

तिनं बाटली उचलली, ड्रॉपर उजेडात धरून एक मिलीच्या रेघेपर्यंत भरला, आणि म्हणाली, "मग मान खाली करा. तुमचं राहिलंय."